कोणती डिस्क काढायची?

फैजपूर, सावदा, रावेर या पट्ट्यात केळीच्या व्यापाऱ्याच्या कार्यालयात, पतपेढीत किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एखादा संगणक कोपऱ्यात रात्रंदिवस चालू असतो. त्यात लिनक्स असतं, दोन-तीन डिस्क असतात आणि बसवणाऱ्याने जाताना सांगितलेलं असतं, "एक गेली तरी दुसरी आहे, काळजी नको." काही वर्षांनी एक खरंच जाते. मग लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, काम तर चालूच आहे, मग बदलायची घाई कशाला? आणि दुसरा, संगणक बंद करायचा, जुनी काढायची, नवी लावायची, एवढंच ना?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. काम चालू आहे ते उरलेल्या डिस्कच्या जिवावर, आणि तीही बहुतेक वेळा त्याच दिवशी, त्याच दुकानातून आणलेली, तेवढीच म्हातारी असते. दुसऱ्याचं उत्तर 'जवळजवळ एवढंच' असं आहे. या 'जवळजवळ'साठीच हे प्रकरण लिहिलं आहे. एक डिस्क मरते तेव्हा डेटा जात नाही, रेड त्यासाठीच असते. तो जाण्याची खरी भीती असते नंतरच्या तासाभरात, माणसाचा हात खोक्यात गेल्यावर.

१. रेड म्हणजे काय

१९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध मांडला. मोठ्या संगणकांना लागणाऱ्या एका महागड्या डिस्कऐवजी पीसीच्या स्वस्त डिस्क बऱ्याच लावल्या तर काम होईल का, हा त्यांचा प्रश्न होता. अडचण उघड होती: डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यांतली एखादी बिघडण्याची शक्यता जास्त. म्हणून एक बिघडली तरी तिच्यावरची माहिती इतरांवरून परत मिळवता यावी, अशी रचना हवी. त्या रचनेला त्यांनी रेड हे नाव दिलं आणि तिचे १ ते ५ असे प्रकार सांगितले. रेड ० आणि रेड ६ हे आकडे नंतर जोडले गेले.

रेड १ मध्ये दोन डिस्कांवर तंतोतंत तेच लिहिलं जातं. त्यात समजावण्यासारखं फार काही नाही. रेड ५ मात्र थोडी थांबून समजून घ्यावी लागते.

समजा, केळी भरून दोन गाड्या गेल्या. पहिलीचा काटा १२० क्विंटल, दुसरीचा ९५. मुनीमजींनी दोन काटापावत्या ठेवल्या आणि तिसऱ्या चिठ्ठीवर बेरीज लिहिली: २१५. आता ९५ची पावती हरवली तरी बिघडत नाही, २१५ मधून १२० वजा केले की ती परत मिळते. बेरजेचीच चिठ्ठी हरवली तर पुन्हा बेरीज करायची. तीनपैकी कोणतीही एक गेली तरी हिशेब पूर्ण राहतो. दोन गेल्या की उरलेल्या एका आकड्यावरून काहीच सांगता येत नाही. रेड ५ हेच करते. संगणक नेहमीची बेरीज न करता शून्य-एकच्या आकड्यांची सम-विषम बेरीज ठेवतो आणि बेरजेच्या चिठ्ठ्या सगळ्या डिस्कांवर वाटून देतो, एवढाच फरक. म्हणून ४ टीबीच्या तीन डिस्क लावल्या तर वापरायला ८ टीबी मिळतात, उरलेल्या ४ टीबी बेरजेत जातात. रेड ६ दोन वेगवेगळ्या बेरजा ठेवते आणि एकाच वेळी दोन डिस्कांचं जाणं सोसते.

हे सगळं सांभाळणारं वेगळं कार्डही मिळतं, पण लिनक्समध्ये ते काम करणारा एमडी नावाचा भाग मुळातच असतो. त्याला हुकूम देण्याचं साधन म्हणजे एमडीॲडम. ऑस्ट्रेलियातल्या नील ब्राउन यांनी ते लिहिलं. माझ्या मते लहान गावातल्या कार्यालयाने कार्डाच्या फंदात पडू नये. कार्ड जळालं तर बहुतेकदा त्याच जातीचं दुसरं कार्ड शोधावं लागतं आणि ते जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये त्याच दिवशी मिळेल याचा भरवसा नाही. लिनक्सच्या रेडमध्ये प्रत्येक डिस्क आपल्यापुरती ओळखचिठ्ठी बाळगते: मी कोणत्या संचातली, माझा क्रमांक कितवा, आमच्यात एकूण किती जण. मदरबोर्ड जळाला तर त्याच डिस्क लिनक्स असलेल्या दुसऱ्या कोणत्याही संगणकाला लावाव्यात. संच पुन्हा उभा राहतो.

२. खरंच डिस्क गेली आहे का?

संचाची प्रकृती लिनक्स एका छोट्या फाइलमध्ये दाखवतो. तिचं नाव एमडीस्टॅट. तीत चौकटी कंसात प्रत्येक डिस्कसाठी इंग्रजी 'यू' हे अक्षर असतं. दोन डिस्क ठणठणीत असतील तर दोन यू. एक यू आणि त्याच्याशेजारी आडवी रेघ दिसली की एक डिस्क संचातून बाहेर पडली आहे. अधिक तपशील एमडीॲडमला 'डिटेल' विचारून मिळतो.

पण संचातून बाहेर पडलेली डिस्क मेलेलीच असते असं नाही. सैल झालेली साटा केबल हे अगदी नेहमीचं कारण आहे. डिस्क स्वतःची नोंदवही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. ती वाचण्याचं साधन म्हणजे स्मार्टसीटीएल. तीत तीन आकडे आधी बघावेत. पाचव्या क्रमांकाची नोंद म्हणजे खराब निघाल्याने डिस्कने बदलून टाकलेल्या जागा. १९७ म्हणजे वाचता न आलेल्या, निर्णय बाकी असलेल्या जागा. १९९ म्हणजे केबलवरून जाताना बिघडलेला मजकूर. पहिले दोन शून्य आणि १९९चा आकडा फुगलेला असेल तर आधी दीडशे-दोनशे रुपयांची केबल बदलून पाहा. चांगली डिस्क फेकण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

नोंदवहीवर पूर्ण विसंबूही नये. गूगलच्या तिघा अभियंत्यांनी २००७ साली आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की तपासणीत पहिली चूक सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट वाढते. पण त्याच अभ्यासात बिघडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी त्यांनी महत्त्वाच्या मानलेल्या चार नोंदींपैकी एकाही नोंदीत सूचना दिली नव्हती. नोंदवही ओरडली तर ऐकावं, ती गप्प आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट आपल्याकडे कुणाला पटत नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५च्या पुढे गेला की बिघडलेल्या प्रत्येक डिस्कचं खापर उन्हावर फुटतं. गूगलला तापमान आणि बिघाड यांचा संबंध अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी दिसला. तो ठळक झाला तो फार वरच्या तापमानाला आणि तीनेक वर्षांच्या जुन्या डिस्कांमध्ये. अर्थात, ती यंत्रं थंड दालनात होती, पत्र्याच्या छपराखाली नव्हती. खोक्यातला पंखा धुळीने अडकलेला असेल तर डिस्क खरंच भाजते. स्मार्ट तिचं तापमानही सांगते, ते बघावं आणि मगच उन्हाला दोष द्यावा.

३. नाव नव्हे, नंबर

आता मुख्य गोष्ट. लिनक्स डिस्कांना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावं देतो. नवखा माणूस समजतो, एसडीए म्हणजे वरची, एसडीबी म्हणजे खालची. असं काहीही नाही. संगणक सुरू होताना ज्या क्रमाने डिस्क सापडतात त्या क्रमाने ही नावं मिळतात आणि पुढच्या वेळी ती बदलू शकतात. एक डिस्क मेली, संगणक पुन्हा सुरू केला, की काल एसडीबी असलेली चांगली डिस्क आज एसडीए होऊन बसते. कालच्या कागदावर 'एसडीए खराब' असं लिहिलेलं असेल तर तो कागद आज तुम्हाला चांगल्या डिस्ककडे बोट दाखवतो.

न बदलणारी गोष्ट एकच: डिस्कच्या अंगावर छापलेला सिरियल नंबर. तोच नंबर स्मार्टसीटीएलमध्ये दिसतो. लिनक्सच्या 'बाय-आयडी' नावाच्या फोल्डरमध्येही प्रत्येक डिस्क आपल्या सिरियल नंबरासह नोंदलेली असते आणि आज ती कोणत्या नावाने वावरते आहे तेही तिथे दिसतं. म्हणून 'एसडीबी काढ' असं कुणाला कधी सांगू नये. शेवट अमुक अंकांवर होणारी डिस्क काढ, असं सांगावं.

इथे एक खरी अडचण येते. डिस्क पुरती मेली असेल तर ती आपला नंबरही सांगत नाही. मग तिला ओळखायचं कसं? उलट बाजूने. जिवंत डिस्क उत्तर देतात, त्या सगळ्यांचे नंबर कागदावर उतरवा. संगणक बंद करून खोकं उघडा आणि प्रत्येक डिस्कवरचा छापील नंबर यादीशी ताडून पाहा. ज्या डिस्कचा नंबर यादीत नाही ती मेलेली. यादीतल्या एकीलाही हात लावायचा नाही. काही वेळा डिस्क आडव्या कप्प्यात अशा बसवलेल्या असतात की लेबल दिसत नाही. तेव्हा मोबाइलचा कॅमेरा आत घालून फोटो काढा, पण अंदाजाने ओढू नका.

दोन डिस्कांच्या रेड १ मध्ये शेवटची चांगली डिस्क बाद करायला सांगितली तर एमडी नकार देतो. हाताने उपटलेल्या केबलला तो नकार देऊ शकत नाही.

४. हात लावण्याआधी

आधी डेटाची प्रत घ्या, आणि ती या संगणकाबाहेर ठेवा. रेड असताना प्रत कशाला, हा प्रश्न मी इतक्या शिकलेल्या लोकांकडून ऐकला आहे की त्याचं उत्तर ठामपणे द्यायला हवं. रेड डिस्कच्या मरणापासून वाचवते. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी पुसली जाते. व्हायरसने कुलूपबंद केलेली फाइल दोन्हीकडे कुलूपबंद होते, आणि चोर खोकं उचलून नेतो तेव्हा दोन्ही डिस्क नेतो.

कोणत्या डेटासाठी किती धावपळ करायची, याचा विचार करावा. केळीच्या खरेदीचा हिशेब गेला तर पावत्यांवरून पुन्हा भरता येतो, आठवडाभर त्रास होतो. पण १९३६ साली फैजपूरला भरलेलं काँग्रेसचं अधिवेशन हे खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन होतं. त्या वेळचे फोटो किंवा पत्रं कुणी स्कॅन करून ठेवली असतील आणि मूळ कागद वाळवीने खाल्ले असतील, तर ती फाइल हीच मूळ प्रत झाली. तिची एक प्रत भुसावळला नातलगाकडे ठेवावी.

प्रत आत्ताच का? कारण नवी डिस्क भरताना जुन्या डिस्कांवरचं अक्षर न् अक्षर वाचावं लागतं. वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या कोपऱ्यातही तेव्हा जावं लागतं. साध्या डिस्कांच्या माहितीपत्रकात वाचनातल्या चुकीची मर्यादा १०० लाख कोटी बिटांमागे एक अशी दिलेली असते. हे होतात साडेबारा टीबी. ४ टीबीच्या चार डिस्कांची रेड ५ असेल तर एक गेल्यावर उरलेल्या तीन मिळून १२ टीबी वाचाव्या लागतात, म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर. प्रत्यक्षात चांगल्या डिस्क यापेक्षा बऱ्याच भरवशाच्या निघतात, पण आपली निघेलच असं धरून चालू नये. म्हणूनच डेबियनसारखे लिनक्स महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळा संच आपोआप वाचून तपासतात. त्या रात्री संगणक संथ झाला म्हणून ही तपासणी बंद करणारे लोक आहेत. त्यांनी ती पुन्हा चालू करावी.

दुसरी तयारी विजेची. एक डिस्क कमी असताना रेड ५ वर लिहिणं चालू आहे आणि अचानक वीज गेली, तर एमडी तो संच आपोआप सुरू करायला तयार होत नाही, कारण बेरीज आणि आकडे जुळतात की नाही हे त्याला कळत नाही. त्यामुळे बॅटरी फुगलेला यूपीएस असेल तर डिस्कच्या आधी बॅटरी बदला.

तिसरी तयारी, नवी डिस्क. ती जुनीइतकी किंवा मोठी हवी. '४ टीबी' लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या डिस्कांत किंचित फरक असू शकतो आणि नवी थोडीशी लहान निघाली तरी संच तिला घेत नाही. दुकानात आणखी एक गोष्ट विचारा: ही सीएमआर आहे की एसएमआर? सीएमआरच हवी. एसएमआर डिस्कमध्ये पट्टे एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात, त्यामुळे दीर्घ, सलग लिखाणात ती फार मंदावते. रिबिल्डमध्ये, म्हणजे नवी डिस्क भरण्याच्या कामात, ती इतकी रेंगाळू शकते की संच तिला बाद समजतो. वेस्टर्न डिजिटलच्या रेड नावाच्या मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर आहेत हे २०२०मध्ये उघड झालं तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. नाव 'रेड' असलं म्हणून ती रेडसाठी योग्य असेलच असं नाही. दुकानदार नीट सांगू शकला नाही तर मॉडेल नंबर कंपनीच्या यादीत पाहून मगच पैसे द्या.

५. बदलण्याचा क्रम

जुनी डिस्क अजून श्वास घेत असेल तर घाई करू नका. खोक्यात एक जादा कनेक्शन असेल तर नवी डिस्क आधी लावावी आणि एमडीॲडमला 'रिप्लेस' सांगावं. तो जुनीवरून नवीवर माहिती घेतो, जुनीवरची एखादी जागा वाचता आली नाही तर तेवढीच इतर डिस्कांवरून घेतो आणि काम पूर्ण झाल्यावरच जुनीला बाजूला करतो. या काळात संच एका क्षणासाठीही उघडा पडत नाही. ही सोय बारा-पंधरा वर्षांपासून आहे, तरी फार थोडे लोक वापरतात.

जुनी डिस्क मरणारच असेल किंवा मेलीच असेल तर तीन हुकूम द्यायचे असतात: 'फेल', 'रिमूव्ह' आणि नंतर 'ॲड'. डिस्क संचातून आपोआप बाहेर पडली असेल तर फेल सांगायची गरज नसते, पण एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एकाच डिस्कचे दोन-तीन भाग करून प्रत्येक भाग वेगळ्या संचात दिलेला असतो: एक संगणक सुरू करण्यासाठी, एक प्रणालीसाठी, एक डेटासाठी. डेटाचा भाग बाद झाला तरी बाकीचे दोन अजून चालूच असतात. डिस्क काढण्याआधी तिचे सगळे भाग सगळ्या संचांतून काढायला हवेत.

संगणक बंद करण्याआधी आणखी एक काम. उरलेल्या डिस्कवरून संगणक सुरू होईल ना? सुरुवातीचा प्रोग्रॅम, म्हणजे ग्रब, अनेकदा एकाच डिस्कवर घातलेला असतो आणि नशिबाने तीच डिस्क मरते. डेटा सुखरूप असतो, पण पडदा काळा. म्हणून ग्रब चांगल्या डिस्कवर आताच घालावं. नव्या, यूईएफआय पद्धतीच्या संगणकांत सुरुवातीचा छोटा भाग बहुतेकदा रेडच्या बाहेर असतो, त्याची प्रत वेगळी करावी लागते.

मग बंद करा, वायर काढा, नंबर ताडा, डिस्क बदला. चालू असताना डिस्क काढण्याची सोय मुख्यतः त्यासाठी बनवलेल्या सर्व्हरमध्ये असते. टेबलाखालच्या साध्या खोक्यात ती आहे असं समजू नका.

नव्या डिस्कवर जुन्यासारखेच भाग पाडावे लागतात. चांगल्या डिस्कवरून भागांचा आराखडा उतरवून नवीवर घालण्याचे हुकूम आहेत, आणि या सगळ्या कामातला सर्वांत घातक हुकूम हाच. दिशा उलटी झाली तर कोऱ्या डिस्कचा कोरा आराखडा चांगल्या डिस्कवर जातो. एसजीडिस्क या साधनात तर जिच्यावर लिहायचं तिचं नाव आधी आणि जिच्यावरून घ्यायचं तिचं शेवटी लिहावं लागतं, म्हणजे आपल्या अंदाजाच्या नेमकं उलट. इथे दोन्ही डिस्कांचे सिरियल नंबर पुन्हा वाचा, शेजारी कुणी असेल तर त्याला मोठ्याने वाचून दाखवा, मगच एंटर दाबा.

त्यानंतर 'ॲड'. प्रत्येक संचात त्याचा त्याचा भाग. रिबिल्ड लगेच सुरू होतं. संचाची ओळख तीच राहते, त्यामुळे इतर कुठल्या फाइलमध्ये काही बदलावं लागत नाही. ग्रब मात्र नव्या डिस्कवरही घालायला विसरू नका.

६. रिबिल्ड चालू असताना

किती वेळ लागेल? ४ टीबी म्हणजे ४० लाख एमबी. सेकंदाला १५० एमबी वेगाने भागाकार केला तर सुमारे २६,७०० सेकंद, म्हणजे साडेसात तासांच्या आसपास. पण दिवसा लोक काम करत असतील तर लिनक्स त्यांना प्राधान्य देतो आणि रिबिल्ड हळू करतो. म्हणून शनिवारी संध्याकाळी सुरू करावं. एमडीस्टॅट किती टक्के झालं आणि किती मिनिटं उरली ते सांगत राहते.

या काळात दुसरी डिस्क अडखळली तर हात खिशात घाला. इंटरनेटवर कुणीतरी 'क्रिएट' हा हुकूम द्यायला सांगेल. तो नवा संच तयार करतो, डिस्कांवरच्या जुन्या ओळखचिठ्ठ्या पुसून नव्या लिहितो, आणि डिस्कांचा क्रम थोडा जरी चुकला तरी चुकीच्या बेरजा करून चांगल्या माहितीवर लिहू लागतो. त्यापेक्षा संगणक बंद करून जाणकाराला गाठणं कधीही बरं, कारण न लिहिलेल्या डिस्कवरून बरंच काही परत मिळू शकतं.

रिबिल्ड संपून सगळे यू परत दिसले की संचाची पूर्ण तपासणी एकदा करून घ्या. मग एमडीॲडमच्या फाइलमध्ये कुणाचा तरी चालू ईमेल पत्ता घाला आणि चाचणीचा संदेश पाठवून तो खरंच पोचतो का पाहा. पत्ता नसेल तर पहिली डिस्क कधी गेली हे दुसरी गेल्यावरच कळतं.

७. काढलेली डिस्क

रेड १ मधून काढलेली डिस्क म्हणजे सगळ्या खात्यांची पूर्ण प्रत. ती दुसऱ्या संगणकाला लावली तर वाचता येते, आणि 'मेलेली' डिस्क दुसरीकडे अनेकदा चालतेही. पतपेढीच्या सभासदांचे पत्ते, आधार क्रमांक, कर्जाचे आकडे तीत असतात. चालत असेल तर ती पूर्ण पुसा, चालत नसेल तर आतल्या तबकड्या ड्रिलने भोकं पाडून निकामी करा. वॉरंटीत परत द्यायची असेल तर एका नव्या डिस्कची किंमत आणि सभासदांची माहिती यांत काय मोलाचं हे संचालक मंडळाने ठरवावं. किलोच्या भावाने भंगारात मात्र ती देऊ नये.